मुसाफिर म्हणजे पाहुणा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू परदेशात जाऊन आलास म्हणे, त्यावर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, शाळेत असताना मी सलग वीस मिनिटं उभा राहिलो तो फक्त वर्गाबाहेर. पण नाही म्हणवेना. शिवाय मला एक गोष्ट सांगायचीच होती, आणि ती इथंच, तुमच्यासमोर सांगायला पाहिजे होती. बोरीबाहेरच्या कुणाला सांगून तिचा उपयोग नव्हता.

आमचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडं दीड महिना राहून आम्ही दोघं परत निघालो, तेव्हा विमान इस्तंबूलला बदलायचं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, तीन दिवस थांबून शहर बघून घ्या." सौ.ला बाजार बघायचा होता. मला मात्र वेगळंच काही आठवलं. आपले इतिहासाचे सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलेलं साल अजून विसरलो नाही. १४५३! तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपियनांना भारताकडं यायला समुद्रमार्ग शोधावा लागला. 'कारणे द्या'मध्ये दोन मार्क हमखास. तुमच्यापैकी कितीजणांच्या ओठांवर हे वाक्य आत्ता आलं, ते मला इथून दिसतंय.

ते कॉन्स्टँटिनोपल म्हणजेच आजचं इस्तंबूल. पुढं वाचलं तेव्हा कळलं, रस्ता काही दार लावावं तसा बंद झाला नव्हता. व्हेनिसचे व्यापारी त्यानंतरही कित्येक वर्षं अलेक्झांड्रिया बंदरातून मिरी, लवंग नेत होते. पण ते नंतर. नववीत आपल्याला एवढंच कळलं होतं की, तुर्कांनी रस्ता बंद केला.

तो धडा झाला त्या दिवसाची मधली सुट्टी मला आठवते. लिंबाखाली डबे उघडले होते. आम्ही तिघाचौघांनी वर्गातल्या एका मुसलमान मित्राला घेरलं. "काय रे, तुमच्या लोकांनी रस्ता कशाला बंद केला? खुला करा की आता!" असला फालतू विनोद. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तो हसला नाही. त्यानं डबा तसाच बंद केला आणि वर्गात जाऊन बसला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी क्रिकेटला एक गडी कमी पडत होता म्हणून मी त्याला बोलावलं, तो आला, आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. त्याचं नाव घेत नाही. तो इथंच बसलाय, आणि त्याला विचारूनच मी हे सांगतोय.

आता इस्तंबूलकडं जाऊ.

दुसऱ्या दिवशी आम्ही मसाल्याच्या जुन्या बाजारातून निघालो आणि चढ चढून सुलेमानिये मशिदीपाशी पोचलो. हळद, मिरी, दालचिनीचा वास पार वरपर्यंत सोबत होता. मशीद टेकडीवर आहे. मागच्या मोकळ्या जागेत उभं राहिलं की, खाली समुद्राची खाडी दिसते, बोटी दिसतात, पलीकडच्या काठावरचं शहर दिसतं. सुलतान सुलेमाननं ही मशीद बांधून घेतली. १५५० साली काम सुरू झालं आणि १५५७ साली ती उघडली. बांधणारा मिमार सिनान. मिमार म्हणजे वास्तुकार. चार मिनार आहेत आणि चारींवर मिळून दहा सज्जे. तिथं सांगतात, सुलेमान इस्तंबूलमधून राज्य करणारा चौथा सुलतान म्हणून मिनार चार, आणि घराण्यातला दहावा म्हणून सज्जे दहा.

आम्ही पोचलो ती दुपारच्या नमाजाची वेळ होती. दारावर पाटी होती, नमाजाच्या वेळी पाहुण्यांना प्रवेश नाही. माझा पहिला विचार काय असावा? "एवढ्या लांबून आलो, पाच मिनिटं आत डोकावू दिलं तर काय बिघडतंय?" तुमच्यापासून काय लपवायचं! सौ. म्हणाली, "आपल्याकडं नैवेद्याच्या वेळी गाभारा बंद असतो तेव्हा बसता ना गुपचूप बाहेर? मग बसा की इथं." बसलो.

ती पाऊण तासाची वाट माझ्या फार कामाला आली. बाहेरच्या भिंतीशी नळांची रांग होती. माणसं येत होती, बाह्या दुमडून हात, तोंड, पाय धूत होती आणि आत जात होती. त्यात सूटबूटातला एकजण होता, हमाल होते, कॉलेजची पोरं होती. एक मांजर पायरीवर उन्हात पसरलं होतं. माणसं त्याला ओलांडून जात होती, हाकलत कुणी नव्हतं. देवळाबाहेर हातपाय धुऊन आत जाणारी आपली माणसंच मी बघतोय असं वाटत होतं. फरक एवढाच की मला त्यांची भाषा येत नव्हती.

नमाज संपली, गर्दी बाहेर आली आणि आम्हाला आत सोडलं. दारात बूट काढायचे, पिशवीत घालून हातात धरायचे किंवा आतल्या फळीवर ठेवायचे. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. चारशे-साडेचारशे वर्षांच्या एवढ्या थोर वास्तूत मी पहिलं पाऊल टाकलं ते अंगठा लपवत! तिकडं कुणी जाणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा, मोजे चांगले घाला.

बायकांना डोकं झाकायला दारात रुमाल देतात, कपडे तोकडे असतील तर गुंडाळायला वस्त्र देतात. पुरुषांनाही अर्ध्या चड्डीवर आत सोडत नाहीत. आमच्या सौ.नं साडी नेसली होती. तिथल्या बाईंनी रुमाल पुढं केला. हिनं हातानंच 'थांबा' केलं आणि पदर डोक्यावरून घेऊन कानामागं खोचला, माझी आई आजोबांसमोर घ्यायची तसा. त्या बाई हसल्या, रुमाल परत घडी करून ठेवला आणि हाताला धरून हिला आत घेऊन गेल्या. दोघींत एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नव्हती.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. घुमट जमिनीपासून सुमारे ५३ मीटर उंच आहे. आपल्यातल्या काहींनी विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल. रुंदीला तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा, त्याचा घुमट बाहेरून जवळपास ४४ मीटर. पण गोल घुमटात मला आवाज आठवतो, पोरांचा आरडाओरडा आणि त्याचे प्रतिध्वनी. सुलेमानियेत आठवतो तो उजेड. चारी बाजूंच्या खिडक्यांतून येऊन तो लाल गालिच्यावर सांडलेला असतो. दिव्यांची मोठाली कडी वरून तारांनी सोडून माणसाच्या डोक्यापेक्षा थोडीच वर आणून ठेवलीत. घुमट आभाळाएवढा आणि दिवे मात्र घरातल्यासारखे हाताशी. एक लहान पोरगं गालिच्यावर कोलांट्या मारत होतं. कुणी रागावत नव्हतं.

हे दिवे पूर्वी तेलाचे होते. तेलाचा दिवा म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे काजळी. सिनाननं हवा अशी खेळती ठेवली की काजळी भिंतींवर न बसता मुख्य दारावरच्या एका खोलीकडं ओढली जायची. ती काजळी गोळा करून त्याची शाई करत आणि त्या शाईनं लिहीत, असं सांगतात. दौतीत बोटं बुडवून शर्ट खराब करणाऱ्या आपल्या पिढीला याची किंमत कळेल. प्रार्थनेच्या दिव्यातून जी काजळी निघाली, तिचीही अक्षरं झाली.

सिनानबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण समोर आपले शिक्षक आहेत. हा माणूस एका ख्रिस्ती घरात जन्मला. त्या काळच्या रिवाजानुसार तरुण असतानाच त्याला सक्तीनं सुलतानाच्या चाकरीत नेलं. सैन्यात राहून त्यानं पूल बांधले, रस्ते केले. मुख्य वास्तुकार झाला तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं, १५८८ साली मरेपर्यंत, तो बांधतच राहिला. त्याच्या तीन मोठ्या मशिदींबद्दल त्याचेच म्हणून सांगितलं जातं की, इस्तंबूलची शहजादे मशीद हे शागिर्दीतलं काम, सुलेमानिये हे कारागिरीतलं, आणि एदिर्ने गावची सेलिमिये हे उस्तादीतलं. सेलिमिये बांधून झाली तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. म्हणजे मी ज्या घुमटाखाली तोंड उघडं टाकून बसलो होतो, ते त्याच्या हिशेबानं उस्ताद होण्याआधीचं काम. त्याची स्वतःची कबर आवाराच्या एका कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला आहे, अगदी लहान. लक्ष नसेल तर माणूस तिच्यावरून पुढं निघून जाईल. सर, तुमची आठवण मला तिथं आली.

आता माझी चूक सांगतो.

पाहुण्यांसाठी मागची जागा वेगळी ठेवलेली असते, पुढं लाकडी कठडा. कठड्याच्या अलीकडं, खांबाला लागून, एक म्हातारे गृहस्थ एकटेच नमाज पढत होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर त्यांच्या पाठीवर पडला होता. मी मोबाईल काढला. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही, असं वाटलं. बटण दाबलं. दुसरा काढावा म्हणून थोडा पुढं सरकलो, तर शेजारी बसलेल्या एका माणसानं माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला. मोबाईल खाली केला. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवून मान थोडी वाकवली. बस, एवढंच. आवाज नाही, डोळे वटारणं नाही.

मी आत्तापर्यंत बऱ्याचजणांच्या शिव्या खाल्ल्यात, तुमच्याही. त्यातली एकही एवढी लागली नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली. विठोबाच्या पायांवर डोकं टेकवायची तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. त्या क्षणी कुणी परका माणूस तिच्या तोंडापुढं मोबाईल घेऊन उभा राहिला असता तर मी काय केलं असतं? मनगटावर हलकेच हात ठेवला असता का? मी फोटो पुसून टाकला आणि त्या माणसाला मोबाईल दाखवला. तो हसला. म्हणाला, "हिंदुस्तान?" मी मान हलवली. म्हणाला, "होश गेल्दिनिझ." म्हणजे, तुमचं स्वागत आहे. आपल्या 'खुश'मधला जो ख, तो त्यांच्याकडं ह होतो.

तिथं एक कॉलेजचा मुलगा पाहुण्यांना माहिती सांगायला बसला होता. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. मी त्याला म्हटलं, आम्ही चुकलो, आम्ही मुसाफिर आहोत, नियम माहीत नव्हते. 'मुसाफिर' हा शब्द ऐकून तो खूष झाला. म्हणाला, आमच्याकडंही तोच शब्द आहे, मिसाफिर. पण तुर्कीत त्याचा अर्थ प्रवासी नाही, पाहुणा.

मला हे फार आवडलं. आपण ज्याला मुसाफिर म्हणतो, त्याला ते पाहुणा म्हणतात. अर्ध्या तासापूर्वी मी तिथं मुसाफिर म्हणून शिरलो होतो. बघायचं, फोटो काढायचा, पुढच्या ठिकाणी जायचं. पाहुणा तसं करत नाही. पाहुणा दारात थांबतो, घरातल्याच्या सवडीनं आत येतो, दाखवलं तिथं बसतो, आणि घरात कुणी पूजेला बसलं असेल तर आवाज खाली करतो. नियमांची यादी पाठ करायची गरजच नाही, आपण कुणाच्या तरी घरी आलोय एवढं ध्यानात असलं की बाकीचं आपोआप जमतं.

मग तो मुलगा आणि मी शब्दांचा खेळ खेळत बसलो. मैदान, दुकान, साबण, कलम, हवा, दुनिया, बाजार. उच्चार थोडा इकडंतिकडं, पण शब्द तेच. आपली 'तोफ' तर तुर्कांकडूनच आली. 'तारीख' म्हणजे तुर्कीत दिवसाची तारीख, आणि इतिहास हा विषयही तारीखच! सर, म्हणजे तुम्ही इतिहास म्हणून आमच्याकडून नुसत्या तारखा पाठ करून घेतल्या, ते तुर्कीत अगदी बरोबर होतं.

सगळ्यात गंमत 'इमारत' या शब्दाची. आपल्याकडं इमारत म्हणजे बांधलेली कुठलीही मोठी वास्तू. त्यांच्याकडं इमारेत म्हणजे मशिदीच्या आवारातलं अन्नछत्र. सुलेमानिये म्हणजे नुसती मशीद नव्हे. तिच्या भोवती मदरसे आहेत, दवाखाना होता, हमाम आहे, प्रवाशांना उतरायची जागा होती आणि हे मोठं स्वयंपाकघर. विद्यार्थी, नोकर, वाटसरू आणि गोरगरीब तिथं जेवत. खर्च चालायचा तो दान दिलेल्या जमिनी आणि मालमत्तेच्या उत्पन्नावर, आपल्याकडं देवस्थानाला इनाम जमिनी असायच्या तसा. मदरशांत आता हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे. आपल्या गावातल्या सप्ताहाची पंगत मला तिथं आठवली. देव कुठलाही असो, भुकेल्या माणसाला आधी बसवा, हे सगळ्यांनाच सुचलेलं दिसतं.

तुम्ही म्हणाल, बोरी कुठं, इस्तंबूल कुठं. वाटतं तेवढं लांब नाही. शाळेत वक्तृत्वात पहिला येणाऱ्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणायचो. ती खरी तोफ आज विजापूरला आहे. ओतली मात्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १५४९ साली. ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. विजापूरला जाण्याआधी ती कितीतरी वर्षं आपल्या मराठवाड्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. तोफ ओतली त्याच्या पुढच्याच वर्षी सुलेमानियेचं काम सुरू झालं. म्हणजे ते कारागीर तिकडं दगड घडवायला लागले त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्याच मुलखातल्या एकानं आपल्याकडं तोफ ओतली होती.

आणि आपले आजोबा ज्या निजामाच्या राज्यात वाढले, त्या शेवटच्या निजामानं आपल्या दोन मुलांसाठी सुना कुठून आणल्या? उस्मानी घराण्यातून. तुर्कस्तानानं १९२४ साली खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर काढलं. त्यांची मुलगी दुर्रुशेवार आणि नात्यातली नीलोफर या दोघींची लग्नं १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या दोन शहजाद्यांशी झाली. नीलोफरची एक सेविका बाळंतपणात गेली. त्या दुःखातून बायका-लेकरांसाठी दवाखाना काढायची धडपड सुरू झाली. हैदराबादचा नीलोफर दवाखाना तो हाच. आपल्या भागातली कितीतरी माणसं आजारी लेकरू पोटाशी धरून तिथं गेलीत. ज्या घराण्यानं सुलेमानियेत दवाखाना बांधला, त्याच घराण्यातल्या लेकीच्या नावाचा दवाखाना आपल्याला रेल्वेनं एका रात्रीत गाठता येतो. खलिफांच्या दफनासाठी निजामानं खुलताबादजवळ मकबराही बांधून ठेवला होता. खलिफा १९४४ साली पॅरिसला वारले आणि शेवटी मदिनेत दफन झाले. तो मकबरा रिकामाच राहिला. वेरूळच्या सहलीला आपली एस.टी. त्याच मुलखातून गेली होती, आपण भेंड्या खेळत होतो.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

त्या रात्री हॉटेलात मला झोप लागेना. मनगटावरचा तो हात जात नव्हता. विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि मी उठून बसलो. सौ.ला उठवून सांगितलं, "अगं, मी आयुष्यात पहिल्यांदा आज मशिदीत गेलो."

बघा ना. घर ते शाळा या रस्त्यावर मशीद होती. दहा वर्षं रोज दोन वेळा तिच्यावरून गेलो. पहाटेच्या अजानवर माझी आजी उठायची, तिला घड्याळ लागायचं नाही. ज्या मित्राबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्याच्या घरी दर ईदला शीरखुर्मा प्यालो. तो आमच्याकडं दिवाळीच्या फराळाला यायचा, गणपतीची आरास करताना रंगीत कागद कापायला बसायचा. परभणीच्या उरुसात आम्ही एकाच पाळण्यात बसलोय. आणि तरी त्या मशिदीच्या पायरीवर मी कधी पाय ठेवला नाही. कुणी अडवलं होतं का? नाही. मला कधी वाटलंच नाही. चपला काढून आत जायला मला पाच हजार किलोमीटर जावं लागलं, आणि बोरीतली पायरी घरापासून तीनशे पावलांवर होती.

गावी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानावर गेलो. चहा झाला. मी म्हटलं, "अरे, मला आपली मशीद दाखवशील का?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं लागली रे तुला. आणि ते पण विमानानं!"

दुपारची नमाज झाल्यावर त्यानं मला नेलं. मी दारात थांबलो, तो म्हणाला तेव्हा आत आलो. चपला काढल्या. या वेळी मोजे नव्हते, त्यामुळं अंगठ्याची भीती नव्हती. डोक्यावर रुमाल बांधला. आत काय होतं? चटया, पंखे, भिंतीवर पाच वेळांचा तक्ता, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा माठ. सुलेमानियेचा घुमट नाही, तो उजेड नाही. एक गोष्ट मात्र बघून मी थबकलो. तिथं इस्तंबूलला ज्या भिंतीकडं तोंड करून नमाज पढतात ती दक्षिणेला, जराशी पूर्वेकडं झुकलेली होती. आपल्या बोरीत ती पश्चिमेला आहे. दिशा वेगवेगळ्या, पण दोन्हींचा रोख एकाच गावाकडं. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हे आमच्या पोरांना लहानपणीच शिकवतात. तुला आता कळलं." मी म्हटलं, "हो, आता कळलं."

तिथंच चटईवर बसलो होतो. मी म्हटलं, "नववीत १४५३चा धडा झाला होता, त्या दिवशीचं तुला आठवतं का?" मला वाटलं होतं तो म्हणेल, कसला धडा? तो लगेच म्हणाला, "आठवतं." मग थोडं थांबून म्हणाला, "त्या दिवशी घरी जाऊन मी अब्बांना विचारलं होतं, आपण तुर्क आहोत का? अब्बा म्हणाले, आपण बोरीचे."

यावर मला बोलता येईना. चाळीस वर्षं हे त्याच्याजवळ होतं आणि मला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यानं काय केलं असेल? माझ्या मनगटावर हात ठेवला. तो कधी इस्तंबूलला गेला नाही, आणि तिथला किस्सा मी त्याला अजून सांगितलाही नव्हता.

आजकाल माणसं एकमेकांच्या देवळामशिदींबद्दल फार बोलतात. आत जाऊन गपचूप बसलेली फार थोडी. मी काही मोठा विचारवंत नाही, मला त्या वादात पडायचं नाही. मी एवढंच सांगतो, लांबचा प्रवास करायला मिळाला तर जरूर करा. सुलेमानियेला गेलात तर नमाजाच्या वेळा बघून जा, शुक्रवारची दुपार टाळा, अंगभर कपडे घाला, कुणी प्रार्थना करत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नका, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. आत जायला पैसे पडत नाहीत. थोडा वेळ गालिच्यावर नुसतं बसा. पण तिकीट काढायच्या आधी आपल्याच गल्लीत जिथं कधी चपला काढल्या नाहीत, तिथं एकदा जाऊन या. मशीद असेल, विहार असेल, नेमगिरीचं जैन मंदिर असेल. आणि ज्यांचं ते घर आहे त्यांना विचारून जा, मुसाफिर म्हणून नको, पाहुणा म्हणून जा.

सर, तुम्ही शिकवलेलं १४५३ साल मी विसरणार नाही. त्याच्या शेजारी आता आणखी एक तारीख लिहून ठेवलीय, मी बोरीच्या मशिदीत गेलो त्या दिवसाची. ती परीक्षेत विचारणार नाहीत, पण मला पाठ आहे.

आणि मित्रा, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलायस, वर बघ. पुढच्या सप्ताहात पंगतीला तू माझ्या शेजारी बसायचं, असं ठरलंय. विसरू नकोस.

एवढं बोलून थांबतो.